नखाएवढी भीती

तीन वर्षं एकट्यानं खपून त्यानं भुताचा गेम बनवला. आता तो विकला जाणार की पडून राहणार, हे ऑनलाइन दुकानातल्या नखाएवढ्या चित्रावर ठरणार होतं. त्यानं एकामागून एक सात भुतं काढली. मोठ्या स्क्रीनवर ती झकास दात विचकायची. नखाएवढी केली की निमूट बटाटे व्हायची.

शेवटी भूतच नको, नुसती रिकामी खोली दाखवू, असं ठरवून त्यानं वडिलांना फोन लावला.

"बाबा, आपल्या जेवणाच्या खोलीचा एक फोटो पाठवा ना. फक्त त्यात माणूस दिसता कामा नये."

"त्याची काळजी नको," बाबा म्हणाले. "इथे ते आपोआप जमतं."

फोटो आला. टेबल, वर पिवळा दिवा आणि दोन रिकाम्या खुर्च्या; त्यातली एक जरा मागे ओढलेली. त्यानं तोच फोटो जसाच्या तसा लावून टाकला. गेम पहिल्याच दिवसापासून धडाधड खपायला लागला, आणि जो तो त्या खुर्चीबद्दलच लिहू लागला. 'आत्ता कोणीतरी येऊन बसेल असं वाटतं. अंगावर काटा येतो.'

त्यानं लगेच फोन केला. "बाबा, कमाल केलीत! खुर्ची ओढून ठेवायचं सुचलं कसं तुम्हाला?"

बाबा जरा ओशाळले.

"सुचतंय कसलं! तुझी खुर्ची ती. रोज जेवायला बसताना माझ्या खुर्चीबरोबर तीही ओढतो. फोटोच्या वेळी आत सरकवायची राहून गेली बघ."