समासातली ओळ

मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंडी उबवत बसली होती. उद्योगांची पाहणी करणारे नेवरेकर दारातच थबकले.

दर महिन्याला घोंगड्या किती विणल्या, हा प्रश्न त्यांनीच छापील फॉर्मात घातला होता. या घरचे विणकर बिरूअण्णा तीन वर्षं नऊ-नऊ महिन्यांपुढे शून्य लिहीत राहिले, आणि समासात एक ओळ: ‘मेंढरं कातरली की माग चालतो, साहेब. एकदा या, दाखवतो.’ कचेरीत समास कुणी वाचला नाही. शून्यं बघून माग ‘बंद’ ठरला आणि सरकारी मदत थांबली.

ओळ नजरेला पडली तेव्हा कुठे नेवरेकरांनी फॉर्म नव्यानं आखला.

“उशीर केलासा, सायेब,” अण्णांच्या पत्नी हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “माघात गेले आमचे मालक. फारम आला की म्हणायचे, औंदा कुणीतरी वाचंल.”

नेवरेकरांनी नवा पहिला प्रश्न वाचून दाखवला: कातरणीनंतर तुमचा माग किती दिवस चालतो?

“असं पुसलं असतं, तर जेवू घातल्याबिगर सोडलं नसतं त्यांनी तुमास्नी.”

नवा फॉर्म कोराच राहिला. नेवरेकरांनी पिशवीतला जुना काढला आणि अण्णांच्या ओळीखाली लिहिलं, ‘आलो होतो.’