पाठीवरचा हात

माईचा हात पोराच्या पाठीवर होता आणि ढोल चढत चालला होता. आता फक्त लोटायचं उरलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेच्या कडेला तिला तिचा स्वतःचा मुलगा दिसला.

हाताखाली होता तो खेळातला मुलगा. मंडळातला सगळ्यात चपळ नाचणारा; सगळे त्याला टोळ म्हणत. युद्ध पेटलं तसे पऱ्यांचे आणि राजपुत्रांचे पोशाख पेट्यांत गेले आणि वरून हुकूम आला, लोकांच्या छात्या फुगतील असं काहीतरी बसवा. मास्तरांनी हे नृत्यनाट्य बसवलं. शेवटी आई मुलाच्या कोटाची कॉलर सारखी करते, त्याचं तोंड रस्त्याकडे वळवते आणि पाठीवर हात ठेवून त्याला रणांगणाकडे लोटते. हसत. तो गेल्यावर त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही.

"हसू डोळ्यांत दिसलं पाहिजे," मास्तर बजावायचे. "तू रडलीस की समोरच्या सगळ्या आया रडल्या. मग कोण पाठवतंय पोराला!"

माई जुनी नाचणारी. हसू कसं आणायचं हे तिला शिकवावं लागलं नाही. त्या लोटण्याचं चित्र शहरभर भिंतींवर लागलं. खेळ सुटला की बाहेरच्या दालनात भरतीच्या टेबलापुढे रांग लागायची, आणि मास्तर ती रांग पाहून टाळ्यांपेक्षा जास्त खूश व्हायचे.

माईचा एकुलता एक मात्र त्या रांगेत नव्हता. सक्ती अजून नव्हती, पण धडधाकट तरुण दिसला की लोक नजरेनंच विचारायचे, अजून इथेच? म्हणून तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की तो मामाकडे गेलाय, त्याच्या कारखान्यात माणसं कमी पडतात. तो होता घरीच, मागच्या खोलीत, पडदे ओढून. प्रयोगाला निघताना ती बाहेरून कुलूप घालायची.

"कुणी दार वाजवलं तर खोकूसुद्धा नकोस," ती रोज सांगायची.

तो मान हलवायचा. त्याचं बोलणं हळूहळू आटलं होतं. तिची झोप तर केव्हाच उडाली होती. जिन्यात पाऊल वाजलं की ती उठून दाराला कान लावायची. संध्याकाळी ती दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा लोटायची, घाईघाईनं तोंडावरचा रंग पुसायची आणि घराकडे धावत सुटायची. वाटेत एखादी बाई हात धरून म्हणायची, "तुम्हाला पाहिलं आणि मी माझ्या पोराला जाऊ दिलं हो." माईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता तो इथे होता. खिडकीतून उतरला असणार. मान ताणून तो तिच्या हाताकडेच पाहत होता.

ढोल शिगेला पोचला. माईचा हात हलेना.

"माई, लोटा," टोळ ओठ न हलवता पुटपुटला.

तिनं त्याचा कोट मुठीत धरला. माझ्या लेकाला दिसू दे, तिला वाटलं. एकदा तरी दिसू दे, की ते हसू खोटं आहे. तिनं टोळला मागे खेचलं आणि छातीशी आवळून धरलं.

"माई, ताल गेला! सोडा!"

ती सोडेना. टोळनं तिचं एकेक बोट उकललं, हिसका दिला आणि प्रकाशात नाहीसा झाला. ती त्याच्यामागे धावली, अडखळली आणि मंचाच्या मधोमध मटकन बसली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती. ढोलवाला वाजवायचा थांबला. पडदा ओढणारा दोरी धरून नुसता उभा राहिला.

आता हे लोक आपल्याला फाडून खाणार, माईला वाटलं. मग कुठेतरी एक हुंदका फुटला, आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. असल्या टाळ्या तिनं जन्मात ऐकल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळानं पडदा पडला, तेव्हा विंगेत मास्तर डोळे पुसत होते. "अगं, हे मला कसं सुचलं नाही? उद्यापासून हेच ठेवायचं!"

त्यांना बाजूला सारून माई तशीच धावली, रंगलेल्या तोंडानं, अनवाणी. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. रांग पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर गेली होती. तिला पाहून लोकांनी वाट करून दिली. त्या वाटेतून समोरून तिचा मुलगा येत होता. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जीव आला होता.

"चल," ती धापा टाकत म्हणाली. "मागच्या दारानं. कुणाला कळायच्या आत चल घरी."

त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "नाव दिलं मी, आई."

"वेड लागलंय का तुला?" तिचा आवाज चिरकला. आजूबाजूला कोण ऐकतंय याचं तिला भान नव्हतं. "पाहिलंस ना तू? मी नाही सोडलं त्याला! तुला दिसावं म्हणूनच नाही सोडलं!"

"दिसलं ना," तो म्हणाला. "मी रोज येतो, आई. वर, अगदी मागच्या बाकावर बसतो. आज तिथे जागा मिळाली नाही. त्या हसणाऱ्या बाईसाठी लढायला जावं असं मला एकदाही वाटलं नाही."

तिच्या गालावरचा ओघळलेला रंग त्यानं अंगठ्यानं पुसला.

"आज वाटलं."