हँगरसमोरचं विमान

जुनं नकाशाचं ॲप बनवणारी कंपनी विकली गेली, तेव्हा क्लबच्या वैमानिकांनी नवं ॲप पारखायचं काम माझ्या लेकीवर सोपवलं. माझा ऊर भरून आला. तिला उडायला मीच शिकवलं होतं.

दुपारी दोघी उडालो. पहिल्या ॲपवर आमचं विमान हँगरसमोर उभं दिसत होतं.

“हे बाद!” ती हसली. “आई, दुसरं लाव.”

दुसऱ्यावरही तेच.

तिने सफाईदार वळण घेतलं आणि खाली बघितलं.

हँगरसमोर आमचंच लाल शेपटीचं विमान उभं होतं. माझं पिवळं जाकीट घातलेली बाई कौतुकाने तिथल्या लेकीची पाठ थोपटत होती. त्या लेकीने वर बोट दाखवलं. त्या बाईने आमच्याकडे पाहिलं, आणि लेकीला ओढत ती हँगरमध्ये पळाली.