शंभर चित्रं

चित्रं शंभर होती. सतरा पशुपक्षी, बावीस खाण्याच्या वस्तू, चौदा अवयव, अकरा रंग आणि घर-अंगणातल्या छत्तीस वस्तू. नऊ वर्षांच्या दिपाने शंभरही ओळखली. चव्वेचाळीस वेळा कातकरी शब्द सांगितला, छप्पन्न वेळा मराठी.

बोलींची पाहणी करणाऱ्या संस्थेतर्फे आलेल्या इराने बेरीज पुन्हा तपासली. विचुंबे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला असलेल्या या वाडीच्या शाळेसाठी कातकरी बोलीतला चित्रकोश छापायचा की नाही, ते या आकड्यावर ठरणार होतं. संस्थेचा नियम साधा होता : मुलांकडे पन्नासहून कमी शब्द उरले असतील, तर ती बोली संपली असं धरायचं.

"चव्वेचाळीसच," ती पुटपुटली.

दिपाची आजी सोमी दारात बसून कुडाची काटकी तासत होती. तिने मान वर केली.

"इचारलं कुनी? तू. मंग पावन्याला पावन्याचं ताट नको? आमच्यातल्या ताटात वाढलं तर तुला जेवता येईल?"

इराने रेकॉर्डर चालू करून आत ठेवला, दिपाला तूच विचार असं सांगून चित्रं सोमीच्या हातात दिली आणि बाहेर जांभळाखाली जाऊन बसली. आतून बराच वेळ हसण्याचे आवाज येत होते. संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग ऐकून कातकरी शब्द मोजले. अठ्ठ्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात संस्थेचे प्रमुख सत्यजीत यांनी तिचा कागद बाजूला सारला.

"आजीने नातीला विचारलं? घरात लाडाने कुणीही शब्द पुरवतं, इरा. अशाने कुठलीही भाषा पास होईल."

"रेकॉर्डिंग आहे, सर. आजीने एकही शब्द पुरवलेला नाही."

"मग पद्धत तपासून दाखव. जी भाषा धडधाकट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर वापर. तिथले आणि इथले आकडे शेजारी ठेव. तोवर कोश थांबला."

"थांबणार नाही," इरा म्हणाली. "उद्या सकाळी आकडे देते."

धडधाकट भाषा शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घरात तिचे आईवडील, दादा-वहिनी आणि पुतणी वल्लरी राहत होते. वल्लरीही नऊ वर्षांचीच. इराने तीच शंभर चित्रं आईसमोर, वसुंधराबाईंसमोर ठेवली.

"मी बाल्कनीत बसते. तू एकेक चित्र दाखव आणि हे काय, एवढंच विचार. मध्ये काही सांगायचं नाही."

"एवढंच ना?" वसुंधराबाई हसल्या. "आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. शंभर लिहून मोकळी हो."

काचेचं दार बंद झालं. आतून वल्लरीचा आवाज येत होता, भरभर, कुठेही न अडखळता. "क्रो. स्पून. एग. आजी, हे किती इझी आहे! अजून दाखव ना."

पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं. वसुंधराबाईंनी गठ्ठा इराच्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

इराने रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. मग दिपाच्या अठ्ठ्याऐंशीच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली :

वल्लरी. वय नऊ. घरची भाषा मराठी. शंभरपैकी मराठी शब्द एकेचाळीस.