बाबांचे कान

“मेलाय हा,” मुलाने निकाल दिला आणि गिटारीवरचा स्विच परत वर केला. “हा बघा जुना. कसा मधाळ बोलतो! आणि हा तुमचा...” स्विच खाली. तीच तार, तोच सूर. “पत्र्याच्या डब्यात चमचा पडल्यासारखा.”

बाबांनी मान तिरकी करून ऐकलं.

“मला तर दोन्ही सारखेच वाटतात रे.”

“म्हणून तर मी आहे ना, बाबा.”

तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडतो तो पिकअप. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारखी तांब्याची तार, बास. बाबा ती तार हाताने गुंडाळत. नमुना म्हणून त्यांच्या तरुणपणातला एक जुना पिकअप त्याच गिटारीत बसवलेला असे; स्विच वर केला की तो जुना वाजायचा, खाली केला की बाबांचा नवा. तसले आता कुणी बनवत नाही. तसा एक तरी आपल्या हातून व्हावा आणि त्याच्या पाठीवर आपल्या नावाचा शिक्का बसावा, एवढंच बाबांना आयुष्याकडून हवं होतं. पितळी शिक्का त्यांनी कधीच करून ठेवला होता. अजून तो कोरा करकरीत होता.

घरचा नियम साधा. मुलाने पास केला तर शिक्का, नापास केला तर हातोडी. नापास माल घरात राहिला की हाताला तेच वळण लागतं, असं बाबांचं म्हणणं. शिक्का बेकार बसला होता, हातोडीला मात्र उसंत नव्हती.

मुलाच्या कानांचा लौकिक मोठा. दूरदूरचे वादक आपली गिटार आणून त्याला ऐकवत. लोक त्याला कानसेन म्हणत. तो “काहीतरीच काय” म्हणायचा आणि त्यांनी परत म्हणण्याची वाट बघायचा. आईचं मत जरा वेगळं होतं. “बापलेकांना तारेतला मध ऐकू येतो. मी जेवायला हाक मारते ती नाही येत.”

बाबांनी मात्र त्या कानांपुढे हात टेकले होते. फरक कळेना, तेव्हा त्यांनी आधी स्वतःचे कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. बाबांनी डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला. मग बाबांनी गिटार वाजवणंच सोडून दिलं. ज्याला मोती आणि खडा सारखाच, त्याने माळ कशाला ओवावी?

आजचा पिकअप शेवटचा होता. हात थरथरायला लागले होते आणि तार मध्येच तुटायची. हा एवढा एक त्यांनी श्वास रोखून कसाबसा तडीस नेला होता.

“शेवटचं एकदा ऐक,” बाबा म्हणाले. “मग तू म्हणशील ते.”

मुलाने स्विच हलवला आणि तो खरखरला. “धूळ असेल,” म्हणत त्याने गिटार पालथी घातली आणि मागचं झाकण उघडलं. आतली जोडणी त्याचीच होती. ‘तुमची नजर गेली, बाबा, वायरिंग मी करतो’ म्हणून बाबांच्या पहिल्या पिकअपच्या आधीच त्याने ती हौसेने केली होती. त्यानंतर बाबा फक्त पुढच्या बाजूने नवा पिकअप बसवून त्याच्या तारेची टोकं दोन स्क्रूंमध्ये अडकवत. झाकण कुणी उघडलंच नव्हतं.

नव्या पिकअपकडून येणारी वायर स्विचला लागलेलीच नव्हती. ती कोपऱ्यात लोंबत होती आणि तिच्या टोकाला कोळ्याने घर केलं होतं. स्विचच्या दोन्ही पायांना सोल्डरच्या एकाच गोळ्याने गळ्यात गळे घालून बसवलं होतं. वर करा, खाली करा, वाजत होता तो जुनाच. पहिल्या दिवसापासून.

बाबांचा एकही पिकअप आजवर कुणी ऐकला नव्हता.

“काय रे? सापडलं काही?”

सोल्डरिंगचं हत्यार हाताशीच होतं, तापलेलंही होतं. एक टाका मारला की झालं असतं. मग बाबांनी ऐकलं असतं, आईने ऐकलं असतं आणि हळूहळू त्या दूरदूरच्या वादकांनीही ऐकलं असतं.

“धूळच होती,” तो म्हणाला. त्याने फुंकर मारली. कोळ्याचं जाळं उडालं. झाकणाचे स्क्रू त्याने एकेक करून घट्ट आवळले आणि गिटार सुलटी करून स्विच खाली ओढला. “नाही, बाबा. मेलेलाच आहे.”

बाबांनी पिकअप सोडवला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडी उचलली. हात इतका थरथरत होता की घाव नुसत्या ऐरणीवरच पडला.

“द्या इकडे,” मुलगा म्हणाला.

त्याचा नेम चुकला नाही.

बाबांनी तुकडे गोळा केले. मग त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

“तुझे कान आहेत म्हणून निभावलं, बाळा. नाहीतर मी याच्यावर शिक्का मारून बसलो असतो.”