शेवटचा करपा

खवले मांजरांच्या बिळांवर नऊ वर्षं पहारा देणाऱ्या सुगंधा परबला त्या सकाळी नवा हुकूम मिळाला. बिळं सोडून तिने आता खालचा भाताचा वाफा राखायचा होता.

"पहारा कुणाला ते ठरवणाऱ्या यंत्राने दोघांची तुलना केलीय," वनखात्याचे देवस्थळी साहेब म्हणाले. "खवले मांजरं अजून अकरा आहेत. भातावरच्या करपा रोगाची बुरशी मात्र फवारणीनंतर जगात फक्त या वाफ्यात उरलीय. जो जास्त दुर्मिळ, त्याला पहारा."

"आणि बिळांवर शिकारी आले तर?"

"माझ्याकडे पहारेकरी एकच आहे, परब."

वाफ्यातल्या वाळलेल्या पानांवर तपकिरी ठिपके पसरले होते. सुगंधाच्या लहानपणी याच ठिपक्यांनी गावाला उपाशी मारलं होतं. तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. तिने जीपमधला डिझेलचा कॅन उचलला. साहेब धावत येईपर्यंत वाफा पेटला होता.

"काय केलंस हे!" ते ओरडले. "एक अख्खी जात संपवलीस! जन्मठेप होईल तुला."

"होऊ दे," सुगंधा म्हणाली. "आता यंत्राला परत विचारा आणि अंधार पडायच्या आत बिळांवर माणूस पाठवा."