सालईचं कुंपण

भोपाळमध्ये टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे वनखात्याचे अधिकारी नारायण खानझोडे मे महिन्यात झाबुआकडच्या नव्या फॉस्फेट खाणीसाठी टेकडीवरची झाडं मोजायला गेले. तिथल्या सालईंवर औषधालाही पान नव्हतं. सोबतचा म्हातारा वनरक्षक म्हणाला, "साब, ये मरे नहीं हैं. गर्मी में ऐसे ही रहते हैं."

पण ऊन मी म्हणत होतं आणि संध्याकाळची भोपाळची गाडी गाठायची होती. खानझोड्यांनी चारशे झाडांपुढे 'मृत' असं लिहून टाकलं. मेलेली झाडं तोडायला परवानगी लागत नव्हती, त्यामुळे आठवड्याभरात टेकडी साफ झाली आणि तीच खोडं रोवून खाणीला कुंपण घातलं गेलं.

सप्टेंबरात ते पाहणीला परत गेले, तर कुंपणाच्या एकूणएक खांबाला पालवी फुटलेली. वनरक्षक शेजारीच उभा होता, पण त्याच्याकडे मान वळवून बघायचं धाडस त्यांना होईना.

तेवढ्यात खाणीचे मॅनेजर पुराणिक कागद घेऊन लगबगीनं आले.

"साहेब, हे आमचं यंदाचं वृक्षारोपण. चारशे लावली, चारशेच्या चारशे जगली. तुमची इथे सही हवी."